मामाच्या गुऱ्हाळाचं इंजिन : कुठल्या गाडीचं, कुठल्या सालचं?

15 नोव्हेंबर 2023, भाऊबीज

मामा ओवाळून घ्यायला बेळगावला आला. जेवण झाल्यावर सुपारी कातरता कातरता म्हणाला, "गुऱ्हाळाच्या खोपटात ते इंजिन पडलंय बघ, भंगारवाला मागं लागलाय. तुला पायजे तर ने, न्हाई तर देतो त्याला." निपाणीच्या अलीकडे त्याचं शेत. लहानपणी सुट्टीत गेलो की त्या इंजिनावर बसून आम्ही ऊस खायचो. आजोबांनी, म्हणजे आण्णांनी, ते जुन्या मोटारीतून काढून चरकाला पट्ट्यानं जोडलं होतं. सुरू करायला पेट्रोल, मग रॉकेल. पुढं वीज आली आणि इंजिन कोपऱ्यात गेलं.

घरात पिढ्यान् पिढ्या एकच वाक्य : "1914 ची फोर्ड, टी मॉडेल." मी उद्यमबागेत टर्नर आहे, मोजल्याशिवाय विश्वास ठेवायची सवय नाही. म्हणून ही वही. कुणाच्या शेतात असं धूड पडलं असेल आणि ते कशाचं हे शोधायचं असेल, तर निदान माझ्या चुका तरी त्याच्या वाचतील.

19 नोव्हेंबर, रविवार

आणायला हाच दिवस निवडला, कारण वर्ल्ड कपची फायनल, हायवे मोकळा. छोटा हत्ती जाऊन-येऊन 3,200. चेनपुली मामाकडे होती, पण खोपटाच्या वाशाला इतका भार झेपेना. शेवटी बैलगाडीची जुनी जू आणि दोन बांबू लावून पाच जणांनी ओढत फळीवरून गाडीत घातलं. पोरांना 500 दिले. हत्तरगीच्या टोलनाक्याजवळ पोचेपर्यंत मॅच हातची गेली होती, ड्रायव्हर एक शब्द बोलला नाही.

क्लच, गिअरबॉक्स, कार्बोरेटर, डायनॅमो काही नाही. फ्लायव्हीलवर पट्ट्याची पुली बोल्टनं कसलेली. वर हेड आहे, खाली तेलाचं चेंबर आहे, मधे सगळं जाम.

20 ते 26 नोव्हेंबर

रात्री दोन-दोन तास धुतलं. मळीचा आणि तेलाचा थर बोटभर. डिझेल आणि खरवडणी, दुसरं काही लागत नाही.

आता कबुली. ब्लॉकच्या डाव्या अंगाला, पाण्याचं तोंड जिथं आत शिरतं त्याच्या जरा वर, एक सपाट उंचवटा आहे. तिथं नंबर असणार हे दिसत होतं. मी घाईत ग्राइंडरला तारेचं चाक लावलं आणि त्या उंचवट्यावरून फिरवलं. गंज निघाला, त्याबरोबर ठोकलेले अंकही निम्मे निघाले. ठोकलेला अंक म्हणजे ओतिवावर केसाएवढा खळगा. गंजानं तो आधीच उथळ झालेला असतो, वरून चाक फिरवलं की कडा पुसतात आणि अंक संपतो. वीस सेकंदांचं काम होतं. ते झालं नसतं तर पुढचे चार महिने चार आठवड्यांत आटपले असते.

नंबराच्या जागी तार, सँडपेपर, छिन्नी काही लावू नका. रॉकेलचा बोळा आणि नायलॉनचा ब्रश, बस.

3 डिसेंबर

रविवार, म्हणजे गल्लीतले सगळे तज्ज्ञ हजर. हेडवर इंग्रजी 'सी' अक्षर ओतलेलं निघालं, आणि चर्चा सुरू.

एक म्हणाला सी म्हणजे शेवरलेट. कानडी बोलणारा आमचा फिटर लगेच म्हणाला, "इल्ल री, शेवरलेटचे वाल वर असतात." तो बरोबर होता. त्या काळच्या चार सिलिंडरच्या शेवरलेटला वाल (झडपा) हेडमधे, बाहेरून त्यांना हलवणारे पुशरॉड. जनरल मोटर्सनं 1928 साली मुंबईत शेवरलेट जोडायला सुरुवात केली, त्यामुळं आपल्या भागात त्या भरपूर आल्या, पण त्या सगळ्या वरच्या वालच्या. इथं हेड म्हणजे नुसतं झाकण, वाल शेजारी ब्लॉकमधे. शेवरलेट बाद.

दुसऱ्याचं मत, सी म्हणजे कॅनडा. हे ऐकून मी हसलो. पुढं मला माझ्याच हसण्याचा राग आला, कारण कॅनडा खरंच निघाला, फक्त त्या अक्षरातून नाही.

टी मॉडेलचं काय? ते मात्र मला त्याच दिवशी पटेना. टी मॉडेलचं इग्निशन फ्लायव्हीलला बसवलेल्या लोहचुंबकांवर चालतं, आणि त्याचा गिअर इंजिनाच्याच तेलात, एकाच पेटीत असतो. इथं मागचं तोंड सपाट आहे, गिअरबॉक्स वेगळी बोल्टनं लागायची, आणि हेडच्या मधोमध डिस्ट्रिब्यूटरचं भोक. हे मी मामाला फोनवर सांगितलं. "तुला काय कळतंय, तुझ्या आज्जानं सांगितलंय," एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

10 डिसेंबर

हेड काढायला बसलो. 18 चा पाना ढिला, 17 चा जाईना. तरी 18 नं जोर लावला आणि दोन नटांचे कोपरे गोल केले. शेवटी बेळगावातल्या शनिवार खुटावरून इंची पान्यांचा सेट आणला, 1,850. 11/16 चा पाना असा चपखल बसला की स्वतःलाच शिव्या घातल्या. तीन स्टड तरी तुटलेच. त्यांच्यावर नट ठेवून वेल्डिंग मारलं, गार व्हायच्या आत फिरवलं, निघाले. वेल्डरचे 600.

17 डिसेंबर

चौदा स्टड मोकळे, तरी हेड हलेना. मी हेड आणि ब्लॉकच्या मधे छिन्नी घातली. हेड सुटलं, पण ब्लॉकच्या तोंडावर नखाएवढी खाच पडली. नंतर एका म्हाताऱ्या मेकॅनिकनं सांगितलं, कडेनं डिझेल सोडत राहायचं, लाकडी ठोकळ्यावरून चारी बाजूंनी हलके ठोके द्यायचे, दोन दिवस लागले तरी चालतील. खाच नंतर फेसिंगमधे (तोंड घासून सपाट करताना) जाईल, पण त्याचा खर्च वेगळा.

आता मोजमाप. दोन सिलिंडरांत पिस्टन खाली अडकलेले, म्हणून वरून व्हर्निअर घालून बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मोजला. 100.05 मिलिमीटर. शंभर! एवढा सरळ आकडा म्हटल्यावर माझ्या डोक्यात आलं, ही मेट्रिक गाडी आहे. म्हणजे अमेरिकन नाहीच, युरोपातली कुठली तरी. मामाची टी मॉडेल तर गेलीच, पण फोर्डही गेली.

17 डिसेंबर ते 7 जानेवारी

तीन आठवडे वाया. रोज रात्री शंभर मिलिमीटर बोअरची जर्मन, इटालियन, फ्रेंच इंजिनं शोधत बसलो. फोटो बघून डोळे गेले. मामेभावाला ट्रंका उघडायला लावल्या, गाडीचं कागदपत्र मिळतंय का बघायला. निघाल्या त्या साखर कारखान्याच्या पावत्या आणि आजीच्या बांगड्या.

14 जानेवारी 2024, भोगी

खेंगट खाऊन पुन्हा बसलो. हातात तुटलेल्या स्टडचा तुकडा होता, सहज खिशातला आट्यांचा गेज लावला. व्यास 7/16 इंच, इंचाला 20 आटे. इथं मी ताठ झालो. त्या जाडीच्या ब्रिटिश बारीक आट्याला इंचाला 18 असतात, अमेरिकन बारीक आट्याला 20. मेट्रिक आट्याशी तर याचा काही संबंध नाही. म्हणजे इंजिन अमेरिकन पद्धतीचं. मग शंभर मिलिमीटर बोअर आला कुठून?

दुकानात रोज लायनर लावतो, तरी लक्षात यायला महिना गेला. बोअर हा कायमचा आकडा नव्हेच. चाळीस वर्षं चरक ओढलेलं इंजिन, ते रिबोअर झालेलं, म्हणजे सिलिंडर कातून मोठे केलेलं असणारच. टी नंतर आलेल्या फोर्डच्या ए मॉडेलचा मूळ बोअर पावणेचार इंच आणि वर एक सूत (इंचाचा आठवा भाग), म्हणजे 98.4 मिलिमीटर. त्यात साठ थाऊ (इंचाचे हजारावे भाग) घातले तर 99.95. खाली, रिंग पोचत नाही तिथं टॉर्च लावून मोजलं : 99.96. वरचे थाऊ घाशीचे.

वर्कशॉपमधला माणूस असूनही एका गोल आकड्याला भुललो.

15 जानेवारी, संक्रांत

आईची रांगोळी चोरली. नंबराच्या उंचवट्यावर तेलाचा हात फिरवून कोरडा पुसला, वर पांढरी रांगोळी चोळली आणि बोटानं वरचेवर काढून टाकली. जिथं केसाएवढा खळगा उरला होता तिथं रांगोळी बसली. मग खोलीत अंधार करून मोबाइलचा दिवा अगदी आडवा, पृष्ठभागाला चिकटवून धरला. अक्षरं उठली. पतंगाचा पातळ कागद ठेवून वरून शिसपेन्सिल फिरवली, तो कागद आता वहीत चिकटवला आहे.

वाचलं ते असं : सीए, मग 8, मग एक पुसलेला, मग 4, 1, आणि शेवटचा अर्धा, 3 किंवा 8. पुसलेला अंक माझ्या तारेच्या चाकानं खाल्लेला. मामेभाऊ म्हणाला, "सीए? म्हणजे चार्टर्ड अकाउंटंटची गाडी." मला हसू आलं नाही.

28 जानेवारी

ए मॉडेलच्या नंबरांची अमेरिकन यादी बघितली. टी मॉडेल 1927 च्या मे महिन्यात बंद झालं आणि ए मॉडेल त्याच वर्षी 2 डिसेंबरला लोकांपुढं आलं. त्या यादीत ए 1 पासून ए 810122 पर्यंत 1928, तिथून ए 2742695 पर्यंत 1929, पुढं ए 4237500 पर्यंत 1930, आणि उरलेले 1931 च्या खात्यात. माझा नंबर ऐंशी हजारांतला, म्हणजे 1928, तेही सुरुवातीचं! गल्लीत कुंदा वाटला, अर्धा किलो. मामाला फोन केला. "बघ, 14 नाही पण 28," म्हटलं. तो म्हणाला, "दोन्हीत फरक काय मोठा?" चौदा वर्षांचा फरक त्याला मोठा वाटत नव्हता.

4 फेब्रुवारी

कुंद्याचे पैसे वाया.

पुली काढून फ्लायव्हील धुतलं. चेहरा सपाट, त्यावर एकाच प्लेटच्या क्लचची घाशीची गोल पट्टी, आणि भोवती प्रेशर प्लेट कसायची भोकं. सुरुवातीच्या ए मॉडेलला अनेक प्लेटांचा क्लच होता आणि त्याचं फ्लायव्हील वेगळंच. एका प्लेटचा क्लच अमेरिकेत 1928 च्या नोव्हेंबरच्या सुमारास आला. मग 1928 च्या सुरुवातीचं इंजिन आणि मागाहूनचं फ्लायव्हील, हे जुळत नाही. फ्लायव्हील बदललेलं असू शकतं, मान्य. पण मला ते खटकलं.

पुण्याच्या एका जुन्या गाड्यांच्या शौकिनाला फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, "सीए मधला सी तुम्ही कशाला वाचलाच नाहीत?"

झालं होतं असं. हिंदुस्थानात त्या काळी फोर्ड अमेरिकेतून नाही, कॅनडातून यायची. साम्राज्याच्या सवलतीचा जकातदर, शिवाय उजव्या बाजूचं स्टिअरिंग. ब्रिटन सोडून साम्राज्यातल्या बहुतेक देशांना कॅनडाचीच फोर्ड, आणि 1926 साली मुंबईत फोर्डची जी कंपनी निघाली तीही कॅनडाच्या फोर्डच्या हाताखालची. कॅनडात बनलेल्या ए मॉडेलच्या इंजिनाला सीए हे अक्षर आणि नंबरांची स्वतःची वेगळी मोजणी. अमेरिकेत वर्षाला लाखोंनी इंजिनं निघायची, कॅनडात त्याच्या अंशानं. तिकडचा ऐंशी हजारावा आकडा अमेरिकन यादीत ठेवून बघणं म्हणजे निपाणीच्या बाजारातला भाव मुंबईच्या पाटीवर वाचण्यासारखं. कॅनडाच्या मोजणीत तो आकडा पुष्कळ पुढं जातो, आणि मग एका प्लेटचं फ्लायव्हीलही गप्प बसतं.

ज्याला मी हसलो होतो तो गल्लीतला माणूस चुकीच्या अक्षरावरून बरोबर उत्तर देऊन गेला होता.

18 फेब्रुवारी

पिस्टन सुटले. अर्धं डिझेल, अर्धं गिअरचं तेल, सिलिंडरमधे भरून दोन महिने ठेवलेलं, दर रविवारी भर घालत. तेलाला आणि डिझेलला मिळून 640. सुटायच्या आधी एकदा अधीर होऊन लाकडाच्या ठोकळ्यावरून हातोडा घातला, तिसऱ्या पिस्टनची कड तुटली. फ्लायव्हीलच्या दातांत पहार अडकवून पाव पाव इंच पुढंमागं केलं तेव्हा काम झालं, हातोड्यानं नाही.

क्रँक फिरू लागल्यावर खरं मोजमाप घेता आलं, स्ट्रोकचं, म्हणजे पिस्टन वरून खाली किती सरकतो त्याचं. पिस्टन सगळ्यात वर आणून ब्लॉकच्या तोंडापासून डेप्थ गेजनं खोली घेतली, मग सगळ्यात खाली नेऊन घेतली, वजाबाकी केली. चारी सिलिंडर, तीन-तीन वेळा. 107.9 मिलिमीटर. म्हणजे सव्वाचार इंच, आमच्या भाषेत चार इंच दोन सूत.

बोअर रिबोअरिंगला बदलतो. स्ट्रोक क्रँकवर ठरतो, तो कुणी घासून वाढवत नाही. टी मॉडेलचा स्ट्रोक चार इंच, ए मॉडेलचा सव्वाचार. मामाची टी मॉडेल इथं कायमची गेली. ज्यांना पहिल्यांदा मोजायचंय त्यांनी बोअरच्या आधी स्ट्रोक मोजा. मला हे उलट सुचलं त्यात डिसेंबर गेला.

3 मार्च

एक शंका उरली होती, हेडवरचा 'सी'. 1932 पासून फोर्डनं बी मॉडेलचं चार सिलिंडरी इंजिन काढलं, बोअर-स्ट्रोक ए सारखेच. त्याच्या मागाहूनच्या, 1933-34 च्या हेडवर हे अक्षर असतं. लोक त्यावरून 'सी मॉडेल' म्हणतात, फोर्डनं या इंजिनाला ते नाव कधी दिलंच नाही. मग माझं इंजिन बी तर नव्हे?

स्ट्रोकवरून कळणार नाही, दोघांचा सारखाच. ब्लॉकला पेट्रोलच्या पंपाची जागा नाही, हे एक. ए मॉडेलला पंपच नव्हता, टाकी काचेच्या पुढं उंचावर आणि पेट्रोल आपोआप खाली. पण मला आकडा हवा होता. तेलाचं चेंबर उतरवलं, मधल्या मेन बेअरिंगची टोपी काढली. चेंबरमधे दोन इंच गाळ, त्यात उसाचं एक कांडं. ते कसं गेलं हे आजोबांनाच ठाऊक.

मायक्रोमीटर लावला : 40.87. टी मॉडेलचा मेन जर्नल (क्रँकचा बेअरिंगमधे फिरणारा भाग) सव्वा इंच, जेमतेम 31.7. बी मॉडेलचा दोन इंच, 50.8. ए मॉडेलचा एक आणि पाच सूत, 41.27. पंधरा-सोळा थाऊ घासून गेलेले किंवा ग्राइंडिंगमधे घेतलेले, ते चालतं. बीचा 50.8 चा जर्नल घासून 41 वर कुणी आणणार नाही, आणि टीचा 31 चा तर फुगणार नाही.

म्हणजे ब्लॉक आणि क्रँक ए मॉडेलचे, हेड नंतरचं, बीच्या इंजिनाचं. बी चं हेड ए च्या ब्लॉकवर बसतं आणि दाब थोडा वाढतो, म्हणून लोक बसवायचे. मला हा उलगडा फार आवडला, कारण त्यातून इंजिनाची कुंडली मिळते : 1933 च्या आधी कधीच नाही, पण त्यानंतर कधी तरी कुणी तरी हे उघडलं, हेड बदललं, साठ थाऊ रिबोअर मारला. तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात होतं, असले सुटे भाग मुंबईहून येत असणार. पुढं आजोबांनी घेतलं तेव्हा त्या गाडीची उमेद संपली होती, इंजिनाची नव्हती.

10 मार्च

मामाकडे गेलो, वही घेऊन. अंगणात खाटेवर बसून सगळं वाचून दाखवलं. फोर्ड, ए मॉडेल, बनावट कॅनडाची, साल 1929 ते 1931 मधलं, हेड 1933 नंतरचं. मामेभावाला पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना मिळते ती नवी 'व्हीए' नंबरची पाटी हवी होती. त्याला सांगितलं, 2021 च्या नियमात ती गाडीला मिळते, नोंदणीचे वीस हजार, नुसत्या इंजिनाला नाही. तो उठून म्हशींकडे गेला.

हिशेब : छोटा हत्ती 3,200, पोरं 500, पाने 1,850, वेल्डर 600, तेल-डिझेल 640, कुंदा 260. एकूण 7,050. फेसिंग आणि बेअरिंगांत व्हाइट मेटल, म्हणजे बॅबिट, ओतायचं अजून बाकी. बॅबिट ओतणारा जुना माणूस आता एकच उरलाय शहापुरात, त्यानं पावसाळ्यानंतरची तारीख दिली आहे.

मामानं सगळं ऐकलं. मग उठून ट्रॅक्टरच्या पेटीतून खडू आणला आणि मला म्हणाला, "लिही तुला काय लिहायचं ते ब्लॉकवर." मी लिहिलं : फोर्ड ए, कॅनडा, 1929-31. त्यानं खडू घेतला, त्याखाली स्वतःच्या हातानं लिहिलं : आण्णांचं इंजिन. आणि हळूच कंसात 1914.